प्रचारयंत्रणा, सामाजिक वर्चस्व आणि मुक्तीच्या चळवळी : एक अभ्यास

आपल्या संस्थेच्या रविवारच्या अभ्यासवर्गात गेल्या पावसाळ्यात या विषयावर चार रविवार चर्चा झाली. त्या चर्चेसाठी मी काढलेली टिपणे संपादक मंडळाच्या आग्रहावरून लेखरूपाने देत आहे. मी कोणी विचारवंत नाही. बँकेत कारकुनी करणारा, कला शाखेचा एक साधा पदवीधर आहे. तरीही हा विषय मला पुस्तकातून सुचलेला नाही, तो नोकरीतच माझ्या वाट्याला आला. म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

नोकरीला लागलो तेव्हाची गोष्ट. दुपारच्या सुट्टीत आम्ही सात-आठ जण एकत्र डबा खात होतो. एका सहकाऱ्याने वर्तमानपत्र उघडले आणि आमच्या समाजाविषयी एक थट्टेचे वाक्य टाकले. मोर्चे, घोषणा, दंगे आणि सवलती एवढ्या चार शब्दांत त्याने एक आख्खा समाज गुंडाळून टाकला. सगळे हसले. आणि मला आजही लाज वाटते ती या गोष्टीची, की मीही हसलो. तो माणूस दुष्ट नव्हता. माझ्या आईच्या आजारपणात त्याने रात्री इस्पितळात बसून काढल्या होत्या. आमच्या वस्तीत त्याने कधी पाऊल टाकले नव्हते, आमच्यापैकी एकाचेही घर आतून पाहिले नव्हते. मग त्याच्या डोक्यात ते चित्र आले कोठून? आणि ते खोटे आहे हे पक्के ठाऊक असताना मी का हसलो?

पहिला प्रश्न प्रचाराचा आहे. दुसरा वर्चस्वाचा. या दोन प्रश्नांतून सुटण्याचा मार्ग कोणता, हा तिसरा प्रश्न मुक्तीच्या चळवळीचा. जगभरच्या जहाल डाव्या विचारवंतांनी या तीन प्रश्नांचा कसून विचार केलेला आहे. त्यातले आपल्या कामाचे काय आणि अपुरे काय, हे पाहणे हाच या लेखाचा हेतू.

१) प्रचार म्हणजे काय?

आपल्याकडे 'प्रचार' हा शब्द वाईट अर्थाने वापरला जात नाही. धम्मप्रचार, आरोग्यप्रचार, निवडणूक प्रचार असे आपण सहज बोलतो. युरोपातही मुळात तसेच होते. १६२२ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मप्रसारासाठी एक मंडळ नेमले. त्याच्या लॅटिन नावातून 'प्रोपगंडा' हा शब्द रूढ झाला. या शब्दाला काळी छटा आली ती मुख्यतः पहिल्या महायुद्धानंतर.

१९१७ साली अमेरिका युद्धात उतरली. जनतेच्या मोठ्या भागाला युद्ध नको होते. तेव्हा राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी पत्रकार जॉर्ज क्रील यांच्या नेतृत्वाखाली एक लोकमाहिती समिती स्थापन केली. भित्तिपत्रके, चित्रपट, व्यंगचित्रे यांचा नुसता पूर आला. चित्रपटगृहात रीळ बदलेपर्यंत जो वेळ मिळे तेवढ्यात चार मिनिटांचे भाषण करणारे हजारो वक्ते देशभर तयार करण्यात आले. थोड्याच काळात शांत नागरिक जर्मन नावाच्या प्रत्येक माणसाकडे संशयाने पाहू लागले.

या समितीत काम केलेले एडवर्ड बर्नेज यांनी पुढे हीच विद्या व्यापाराच्या दाराशी नेली. १९२८ साली त्यांनी 'प्रोपगंडा' याच नावाचे पुस्तक लिहिले. १९२९ च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या मिरवणुकीत तरुण स्त्रियांना सिगारेट ओढत चालवले आणि त्या सिगारेटींना स्वातंत्र्याच्या मशाली म्हणवून घेतले. पैसे होते तंबाखू कंपनीचे, शब्द घेतला होता स्त्रीमुक्तीचा. मुक्तीच्या चळवळीचे शब्दच उसने घेऊन तिला पोकळ करायचे, ही युक्ती तेव्हापासूनची आहे. आपल्या महापुरुषांच्या तसबिरींना हार घालून त्यांचे विचार बाजूला सारणारे आपण पाहतोच. म्हणून हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

प्रचार म्हणजे केवळ खोटे बोलणे नव्हे. रोख खिडकीवर बसलेला माणूस हे चटकन समजेल. खोटी नोट कधी एकटी येत नाही, ती नव्व्याण्णव खऱ्या नोटांच्या बंडलात येते. प्रचारही तसाच. बातमी खरी असते. पण कोणती बातमी पहिल्या पानावर, कोणती आतल्या कोपऱ्यात आणि कोणती मुळीच नाही, यातून जे चित्र तयार होते ते खोटे असते. माझे वडील गिरणी कामगार होते, शाळा चौथीपर्यंत. ते म्हणत, "पेपरात आपण दोनदाच येतो. मार खाल्ला तर बारीक अक्षरात, मारलं म्हणाले तर मोठ्या." पुढे जाड पुस्तकांत जे वाचले त्याचे सार या एका वाक्यात आहे, असे मला आज वाटते.

२) वर्चस्व टिकते कसे?

कोणत्याही काळात समाजात जे विचार सर्वमान्य असतात ते बहुधा सत्ताधारी वर्गाचेच असतात, असे मार्क्स आणि एंगल्स यांनी १८४५-४६ च्या सुमारास लिहून ठेवले. ज्याच्या हाती उत्पादनाची साधने, त्याच्याच हाती विचार निर्माण करण्याची साधने, असा त्याचा आशय. परंतु ही मांडणी थोडी ढोबळ होती. विचार वरून ओतले जातात हे खरे धरले, तरी खालचा माणूस ते पितो का?

याचे उत्तर शोधले ते अंतोनियो ग्राम्शी या इटालियन कम्युनिस्टाने. सार्डिनिया या मागास बेटावर १८९१ साली जन्मलेला, पाठीने अधू असलेला हा माणूस १९२६ च्या नोव्हेंबरात मुसोलिनीच्या राजवटीने तुरुंगात टाकला. १९३७ च्या एप्रिलमध्ये तो वारला. तुरुंगात त्याने तीसहून अधिक वह्या लिहिल्या. त्याचा प्रश्न असा होता : पोलीस आणि फौज प्रत्येक घरात बसू शकत नाहीत, तरी लोक राज्यकर्त्यांच्या मनाप्रमाणे का वागतात? ग्राम्शी म्हणतो, सत्ता दोन पायांवर उभी असते. एक पाय बळाचा आणि दुसरा संमतीचा. शाळा, धर्मसंस्था, वर्तमानपत्रे, कथाकीर्तने, सणवार यांतून सत्ताधाऱ्यांचे हित हेच सर्वांचे हित आहे अशी समजूत रुजते. ती इतकी खोल जाते की तिला कोणी विचार म्हणत नाही, 'साधी अक्कल' म्हणतात. "पूर्वीपासून असंच चालत आलंय," हे ते वाक्य. ही संमतीची सत्ता म्हणजेच वर्चस्व होय.

ग्राम्शी तुरुंगात वह्या लिहीत होता त्याच काळात आपल्या देशात बाबासाहेब याच प्रश्नाशी झुंजत होते. दोघांची कधी गाठ पडली नाही, पण प्रश्न एकच होता. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले. भाषणाचा मसुदा वाचून मंडळाने ते संमेलनच रद्द केले. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती होत्या. त्यात त्यांनी दाखवले की जात ही विटामातीची भिंत नाही. ती मनाची एक अवस्था आहे आणि तिच्या मुळाशी शास्त्रांचे पावित्र्य आहे. श्रेणीबद्ध विषमतेची त्यांची मांडणी तर ग्राम्शीच्या एक पाऊल पुढे जाते. या व्यवस्थेत प्रत्येकाच्या वर कोणीतरी असते, तसे प्रत्येकाच्या खालीही कोणीतरी असते. त्यामुळे वरच्याची लाथ खाणारालाही खालच्याकडे पाहून व्यवस्था टिकवावीशी वाटते. संमती मिळवण्याचे एवढे चोख यंत्र दुसऱ्या कोणत्या समाजाने क्वचितच बनवले असेल.

फ्रान्झ फॅनन या मानसोपचारतज्ज्ञाने हाच प्रश्न शोषिताच्या बाजूने पाहिला. तो मार्टिनिक या फ्रेंच वसाहतीतला कृष्णवर्णी डॉक्टर. १९५२ साली त्याने दाखवले की गोऱ्यांच्या शाळेत शिकलेला काळा माणूस हळूहळू स्वतःकडे गोऱ्याच्या डोळ्यांनी पाहू लागतो. तो भाषा बदलतो, उच्चार बदलतो, आपल्याच माणसांपासून दोन हात दूर राहतो. फॅनन वाचताना मला डब्याची ती दुपार आठवली. मी का हसलो याचे उत्तर मिळाले. त्या क्षणी मी स्वतःकडे त्यांच्या डोळ्यांनी पाहत होतो. फॅनन १९६१ साली वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी वारला, आणि तारीख होती ६ डिसेंबर.

३) वर्तमानपत्रांच्या पाच चाळण्या आणि एक सहावी

१९८८ साली एडवर्ड हर्मन आणि नोम चॉम्स्की या दोन अमेरिकन लेखकांनी संमतीच्या कारखानदारीवर एक पुस्तक लिहिले. त्यांचा प्रश्न असा : अमेरिकेत सेन्सॉर नाही, पत्रकारांना तुरुंग नाही, तरीही सगळी मोठी वृत्तपत्रे महत्त्वाच्या प्रश्नांवर एकाच सुरात का बोलतात? त्यांनी उत्तर दिले की बातमी वाचकापर्यंत पोहोचण्यापूर्वी पाच चाळण्यांतून जाते.

पहिली चाळणी मालकीची. मोठे वृत्तपत्र चालवायला प्रचंड भांडवल लागते, म्हणजे मालक भांडवलदारच असणार. दुसरी जाहिरातीची. अंकाच्या किमतीत वृत्तपत्र निघत नाही, ते जाहिरातदाराच्या पैशावर निघते. म्हणून जाहिरातदाराला दुखावणे परवडत नाही. तिसरी चाळणी बातमीच्या उगमाची. रोज ठरल्या वेळी तयार बातमी मिळते ती सरकारी कचेरीतून, पोलीस ठाण्यातून आणि कंपनीच्या जनसंपर्क खात्यातून. वस्तीत जाऊन विचारायला वेळ लागतो, पैसा लागतो. चौथी चाळणी धाकाची. नको ते छापले तर निषेधाची पत्रे, खटले आणि दबाव सुरू होतो. पाचवी चाळणी शत्रूच्या बागुलबुवाची. त्या काळी अमेरिकेत कोणत्याही न्याय्य मागणीला कम्युनिस्ट ठरवले की चर्चा संपत असे.

यात कोणाचे गुप्त कारस्थान असावे लागत नाही. प्रत्येक पत्रकार आपापल्या परीने प्रामाणिक असू शकतो. चाळणी आपले काम करत राहते. ही मांडणी मोलाची आहे. परंतु आपल्या इतिहासावर ती लावून पाहिली की एक छिद्र दिसते.

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झाला. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी २५०० रुपयांचे साहाय्य केले होते. या पाक्षिकाची जाहिरात छापण्याची विनंती त्या काळच्या सर्वांत प्रभावी मराठी वृत्तपत्राला, म्हणजे 'केसरी'ला करण्यात आली. पैसे देण्याची तयारी असतानाही ती जाहिरात नाकारण्यात आली. आता पाहा, चॉम्स्कींच्या हिशोबाने जाहिरातीचे पैसे मिळत असतील तर वृत्तपत्राने ती छापायला हवी. येथे नफ्यावरही कशाने तरी मात केली. ती सहावी चाळणी म्हणजे जात. १९९६ साली दिल्लीतील पत्रकार बी. एन. उनियाल यांना एका परदेशी वार्ताहराने एखाद्या दलित पत्रकाराचे नाव विचारले. तीस वर्षे या व्यवसायात काढलेल्या उनियालांनी शोधाशोध केली. त्यांना एकही नाव सापडले नाही, आणि हे त्यांनी प्रांजळपणे छापून टाकले. चाळणी धरणारे हातच एका बाजूचे असतील तर पीठ कसे निघणार हे सांगायला नको.

याच कारणाने बाबासाहेबांनी आयुष्यभर वृत्तपत्रांचा संसार मांडला. 'मूकनायक'नंतर १९२७ साली 'बहिष्कृत भारत', १९३० साली 'जनता' आणि १९५६ साली 'प्रबुद्ध भारत'. पैसा नव्हता, वर्गणीदार गरीब होते. 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने त्यांनी स्वतः लिहून काढले. स्वतःचे मुखपत्र नसलेल्या चळवळीची ओळख दुसरेच लिहितात, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

४) शिकागोतील ते दार

आता एक प्रत्यक्ष उदाहरण तपशिलाने पाहू. प्रचार, बळ आणि संमती ही तिन्ही कशी हातात हात घालून चालतात ते त्यात स्पष्ट दिसते.

१९६६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन तरुणांनी ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला. घर, काम, शिक्षण, पोलिसी अत्याचारापासून संरक्षण अशा मागण्यांचा दहा कलमी कार्यक्रम त्यांनी मांडला. १९६७ पासून स्वतःचे वृत्तपत्र काढले. पोलिसांवर नजर ठेवण्यासाठी ते त्या वेळच्या कायद्यानुसार उघडपणे बंदुका बाळगत. वृत्तपत्रांनी नेमके तेच चित्र उचलले : काळे जाकीट, काळी टोपी आणि बंदूक. १९६९ च्या जानेवारीत याच पक्षाने ओकलंडच्या एका चर्चमध्ये शाळेत जाणाऱ्या गरीब मुलांना मोफत न्याहारी देणे सुरू केले. वर्ष संपायच्या आत अनेक शहरांत हजारो मुले तेथे जेवू लागली. ते चित्र फारसे कोठे छापले गेले नाही.

पण केंद्रीय तपास संस्था एफबीआयचे प्रमुख एडगर हूवर यांच्या नजरेतून ते सुटले नव्हते. न्याहारीच्या या उपक्रमामुळे पक्षाला लोकांची सहानुभूती मिळते, म्हणून तो विशेष धोक्याचा आहे, असे त्यांनी १९६९ साली आपल्या कचेऱ्यांना कळवले. बंदुकीपेक्षा न्याहारीची भीती वाटली, कारण न्याहारीने संमतीचा पाय डळमळतो. ग्राम्शीचे म्हणणे याहून स्पष्ट कोणी सांगू शकणार नाही.

'कोइंटेलप्रो' नावाच्या गुप्त मोहिमेतून या संस्थेने खोटी पत्रे लिहिली, नेत्यांत संशय पेरला, दुसऱ्या कृष्णवर्णी संघटनेच्या नावाने अपमानकारक व्यंगचित्रे वाटून दोघांत वैर पेटवले. पुढे अमेरिकन सिनेटच्या चौकशी समितीने नोंदवले की कृष्णवर्णी संघटनांविरुद्ध मंजूर झालेल्या २९५ कारवायांपैकी २३३ एकट्या ब्लॅक पँथरविरुद्ध होत्या.

शिकागो शहरात या पक्षाचा नेता होता फ्रेड हॅम्पटन, वय वर्षे एकवीस. त्याने पोर्टोरिकन तरुणांची आणि डोंगरी भागातून शहरात आलेल्या गरीब गोऱ्यांचीही संघटना आपल्या आघाडीत आणली होती. गरीब गोरा आणि काळा एकाच मंचावर उभे राहिले हे व्यवस्थेला सर्वांत न रुचणारे. ४ डिसेंबर १९६९ रोजी पहाटे पोलिसांनी त्याच्या घरावर छापा घातला. घराचा नकाशा पक्षातच शिरलेल्या एका खबऱ्याने पुरवला होता. हॅम्पटन बिछान्यातच मारला गेला. मार्क क्लार्क हा दुसरा कार्यकर्ताही ठार झाला.

सरकारी वकिलाच्या कचेरीने जाहीर केले की पँथरांनी गोळीबार केला, तुंबळ चकमक झाली आणि पोलीस कसेबसे बचावले. शिकागोच्या एका मोठ्या दैनिकाने पोलिसांनी पुरवलेली छायाचित्रे छापली. एका दाराच्या चौकटीवर काळे ठिपके दाखवून, हीच पँथरांनी आतून झाडलेल्या गोळ्यांची भोके, असे सांगितले गेले. पण पोलिसांनी ते घर मोहोरबंद केले नव्हते. पँथरांनी घर लोकांसाठी खुले केले. हजारो माणसे, म्हातारी, पोरेबाळे रांगेने आत जाऊन पाहून आली. दुसऱ्या दैनिकाच्या वार्ताहरांनी जाऊन पाहिले तेव्हा ती भोके नव्हतीच, ते खिळ्यांचे डोके होते! १९७० साली संघराज्याच्या न्यायपंचायतीने काढलेला निष्कर्ष असा : पोलिसांच्या ८० हून अधिक गोळ्या, पँथरांची फार तर एक. १९८२ साली १८ लाख ५० हजार डॉलरची भरपाई मान्य करून संबंधित सरकारी यंत्रणांनी मृतांच्या नातेवाइकांचा आणि वाचलेल्यांचा दावा मिटवला.

'कोइंटेलप्रो' उघड झाली तीही सामान्य माणसांमुळे. ८ मार्च १९७१ च्या रात्री मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांच्या मुष्टियुद्धाकडे सगळ्या देशाचे कान लागले असताना, पेनसिल्व्हेनियातील मीडिया या गावी आठ नागरिकांनी एफबीआयच्या छोट्या कचेरीतून कागद पळवले आणि वृत्तपत्रांना पाठवले. त्यांतील बहुतेकांची नावे जगाला कळली ती २०१४ साली.

या पक्षात दोष नव्हते असे नाही. बंदुकीचे आकर्षण त्यांना महाग पडले, स्त्री कार्यकर्त्यांना दुय्यम वागणूक मिळाली, १९७१ साली नेतृत्वात फूट पडली. दोष लपवून इतिहास लिहिला तर तोही प्रचारच होईल. पण खिळ्यांचे ते दार विसरू नये. लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले म्हणूनच खिळा हा खिळा राहिला.

५) आपल्याकडील पडसाद

या चळवळीचे नाव सातासमुद्रापलीकडून मुंबईत आले. १९७२ साली नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुणांनी दलित पँथर उभी केली. खेड्यापाड्यांतील अत्याचारांच्या बातम्यांनी ही पिढी पेटली होती. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना'च्या अंकात ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. राष्ट्रध्वजाच्या अवमानाला होणारी शिक्षा आणि दलित स्त्रीच्या विटंबनेला होणारी किरकोळ शिक्षा यांची त्यात तुलना होती. गदारोळ उठला तो ध्वजाविषयीच्या शब्दांवर. ज्या स्त्रीसाठी तो लेख लिहिला गेला, ती चर्चेतून हळूच नाहीशी झाली. हर्मन-चॉम्स्कींच्या चौथ्या आणि पाचव्या चाळणीचे याहून ठळक मराठी उदाहरण मला माहीत नाही. १९७४ च्या जानेवारीत वरळी-नायगाव परिसर पेटला आणि १० जानेवारीला मोर्च्यात भागवत जाधव या कार्यकर्त्याचा बळी गेला.

त्याच वर्षी पँथरमध्ये फूट पडली. एका बाजूला मार्क्सवादाचा आणि दुसऱ्या बाजूला बौद्ध विचाराचा आग्रह होता. आपल्या वडीलधाऱ्यांनी ती फूट डोळ्यांनी पाहिली आहे. येथे एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. अमेरिकेत फूट पाडणाऱ्यांचे कागद सापडले. पण म्हणून आपल्या प्रत्येक फुटीचे खापर बाहेरच्यांवर फोडता येत नाही. खोटे पत्र एखादाच लिहितो. ते वाचून, न विचारता, आपल्याच भावावर संशय घेणारे आपण असतो.

६) डाव्या विचाराकडून काय घ्यावे, काय पारखावे

मुंबईतील गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यातून विटाळ होतो असे इतर कामगार मानत. हे खाते अधिक पगाराचे. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. कामगारांची एकी सांगणाऱ्या पुढाऱ्यांना त्याआधी तो ठळक दिसला नव्हता. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कामगारविरोधी विधेयकाविरुद्धच्या संपात ते कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. टीका करावी, पण योग्य वेळी सोबतही करावी, हा धडा त्यातून मिळतो.

पारखण्याची दुसरी गोष्ट अशी. ज्या देशांत मुक्तीच्या नावाने सत्ता आली, त्यांपैकी कित्येकांत नव्या राज्यकर्त्यांनी वृत्तपत्रे ताब्यात घेतली आणि जुन्या प्रचाराच्या जागी नवा प्रचार बसवला. बाबासाहेबांनी १९५६ साली काठमांडूच्या भाषणात बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली तेव्हा हाच प्रश्न पुढे होता : माणसाचे मन वळवायचे की त्याला सक्तीने वाकवायचे?

ब्राझीलचे शिक्षक पाउलो फ्रेरे यांचे उत्तर येथे उपयोगी पडते. त्यांच्या देशात तेव्हा निरक्षरांना मताधिकार नव्हता. १९६३ साली आंजिकोस गावात त्यांनी सुमारे तीनशे शेतमजुरांना चाळीस तासांच्या शिकवणीत वाचायला शिकवले. वीट, नांगर, मजुरी असे त्यांच्याच जगण्यातले शब्द घेऊन आधी चर्चा करायची, मग अक्षर गिरवायचे. पुढच्याच वर्षी लष्करी राजवट आली आणि फ्रेरे तुरुंगात गेले. त्यांचे म्हणणे असे की शोषिताच्या डोक्यात जुन्या घोषणांच्या जागी नव्या घोषणा भरणे ही मुक्ती नव्हे. त्याला प्रश्न विचारता आला पाहिजे, अगदी आपल्या पुढाऱ्यालासुद्धा. जी चळवळ आपल्या माणसाला प्रश्न विचारू देत नाही तिचा आणि प्रचाराचा रस्ता एकच.

अल्जिरियाची एक हकिकत फॅननने नोंदली आहे. फ्रेंचांचा आवाज म्हणून सामान्य अल्जिरियन माणूस घरात रेडिओ ठेवत नसे. १९५६ च्या अखेरीस स्वातंत्र्यलढ्याचे स्वतःचे केंद्र सुरू होताच दुकानांतील रेडिओ भराभर खपले. सरकारने बॅटऱ्यांच्या विक्रीवर निर्बंध आणले आणि लहरींत खरखर मिसळली. तेव्हा एकाने रेडिओला कान लावायचा आणि ऐकू आलेले तुकडे घरभर सांगायचे, मग सगळ्यांनी मिळून अर्थ लावायचा. यंत्र तेच होते. ते कोणाच्या हाती आहे आणि लोक ते कसे ऐकतात यावर सगळे अवलंबून.

७) आपण काय करावे?

आज रेडिओची जागा हातातल्या मोबाइलने घेतली आहे. कोणी लिहिले हे न पाहता निरोप पुढे ढकलला जातो. आपल्या बाजूचा निरोप असेल तर आपणही तेच करतो. अभ्यासवर्गात आम्ही प्रत्येक बातमीला विचारायचे सहा प्रश्न ठरवले. ते घराघरांत मुलांनी वहीत लिहून ठेवावेत :

१. हे कोण सांगत आहे आणि त्याचा खर्च कोण करतो?
२. ज्याच्याविषयी सांगितले, त्याला कोणी विचारले का?
३. यात कोणता माणूस किंवा कोणती घटना गाळली आहे?
४. हे वाचून मला कोणाचा राग यावा असे लिहिणाऱ्याला वाटते?
५. हीच गोष्ट दुसऱ्या समाजाने केली असती तर कोणते शब्द वापरले असते?
६. मी स्वतः जाऊन पाहू शकतो का?

सहावा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिकागोतील लोक रांगेत उभे राहिले तसे आपणही दार उघडून पाहिले पाहिजे. आणि दुसऱ्यांना आपले दार उघडूनही दिले पाहिजे. आपल्या वस्तीचे वाचनालय, स्पर्धा परीक्षांचा वर्ग, महिला मंडळाची बचत, रक्तदान शिबिर यांची नोंद आपणच ठेवली नाही तर ती कोण ठेवणार? म्हणून संस्थेने तिमाही चार पानी पत्रक काढावे आणि ते तरुण मुलामुलींनी लिहावे, अशी माझी नम्र सूचना आहे. पैसा कमी पडेल, चुका होतील, तरी काढावे.

शेवटी पुन्हा त्या डब्याच्या दुपारकडे येतो. दोन वर्षांपूर्वी आताच्या शाखेत तसाच विनोद पुन्हा झाला. माणसे वेगळी होती, विनोद तोच. या वेळी नव्याने लागलेला आपलाच एक पोरगा माझ्या शेजारी बसला होता. तो हसायच्या बेतात होता, त्याने आधी माझ्याकडे पाहिले. मी हसलो नाही. मी बोलणाऱ्याला शांतपणे एवढेच विचारले, "साहेब, हे तुम्ही स्वतः पाहिलंत का?" थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ते म्हणाले, "नाही, असं म्हणतात बुवा." मी म्हटले, "मग एका रविवारी या आमच्याकडे, पाहून जा."

ते अजून आलेले नाहीत. पण तो पोरगा आता दर रविवारी अभ्यासवर्गाला येतो, आणि सर्वांत जास्त प्रश्न तोच विचारतो.